करकोच्यांसाठी सोडलेली जागा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांगी तोडणं. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. ऊन कलाले लागलं होतं. एका वाफ्यात मी, शेजारच्या वाफ्यात गिरजा, माझी बायको. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ताकातून पाहावं तसं जग दिसे तिले. पण वांगं तोडाले डोळे लागत नाहीत. ती देठ चाचपे, काटा टोचला का झाडालेच शिवी देई, अन् तोडे. टोपली भरली तशी बांधावर बसली, पदरानं मान पुसली अन् म्हणाली,

"अजी, विहिरीकडं कोण बोलून राहिलं, पाहा बरं."

मोटेच्या खांबावर एक पाखरू बसलं होतं.

"काळं हाय," मी म्हणालो.

"चुलीतला कोळसा बी काळाच हाय. पायापासून सांगा."

"पाय काळे. बारीक. शेपटी लांब, टोकाले फाकलेली. कैचीवानी."

"कोतवाल होय. पण हे ओरडणं त्याचं नाई. पाखरं मारते त्या शिकऱ्याचं हाय."

"तोंड तर त्याचंच हालून राहिलं."

ती हसली. "नक्कल करून राहिला मेला. बाकीच्या पाखरायले भेवाडते अन् त्यायच्या चोचीतला किडा हिसकते. लबाड हाय. तुमच्यावानी."

मी उठलो. टोपली डोक्यावर घेतली, तिचा हात खांद्यावर घेतला अन् आम्ही घरी आलो. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. पण मले ते रोज आठवते.

तिनं मले लबाड काहून म्हटलं ते पुढं सांगतो. आधी ती कशी होती ते सांगाले पाहिजे.

आम्ही माळी. अमरावती अन् अकोल्याच्या मधात, पूर्णेच्या काठाले आमचं गाव. जमीन काळी, विहिरीचं पाणी थोडं मचूळ, पण वांगं अन् मिरची झकास येते. एकच लेक जगली, ती तेल्हाऱ्याले दिली. घरात आम्ही दोघंच. अन् ओसरीची भिंत.

त्या भिंतीवर गिरजा पाखरं काढे. पोळा झाला का ती भिंत शेणानं सारवे, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवे, अन् मग पोळ्यापासून दिवाळीपर्यंत जे पाखरू दिसलं ते त्या भिंतीवर येई. गेरू, हळद, चुना, कोळसा, अन् कुठूनतरी मागून आणलेली नखभर नीळ. काढाले शिंदीची काडी. काडीचं टोक चावून चावून मऊ करावं लागे. तिचे पुढचे दात पडले तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. मी मोट हाकता हाकता शिंदीची काडी चावे अन् लोक म्हणत, बुढा बैलासंगं रवंथ करून राहिला.

दुसऱ्या बाया जिवती काढत, तुळस काढत, मोर काढत. गिरजा पाह्यलेलं पाखरूच काढे. पाह्यलं नाही ते नाही. अन् सुरुवात पायापासून करे. डोळा, चोच, पंख, सगळं मागून. मी एकदा विचारलं होतं, अशी उलटी काहून काढतं? तर म्हणे, "पाखरू उभं पायावर राहते का चोचीवर? पाय चुकला तर वरचं सगळं खोटं."

शेजारची काशीबाई येऊन उभी राही, कमरेवर हात देऊन. "गिरजे, भिंतभर कावळे-चिमण्या काढतं. एखादा मोर काढ वं, घराले शोभा तरी येईन."

"मोर पाह्यला का तू यंदा?"

"पाहाले काय लागते? मोर सगळ्यायले माहीत हाय."

"मंग तूच काढ."

काशीबाई रागावून जाई अन् दुसऱ्या दिवशी ताक घेऊन पुन्हा येई. भिंतीवर नवीन कोण आलं ते पाह्यल्याशिवाय तिलेही चैन पडत नव्हतं.

एकदा गिरजानं खाटीक पक्षी काढला. एवढासा असतो, पण किडे धरून बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवतो, आपण मिरच्या वाळत घालतो तसा. तिनं काट्यावरचा नाकतोडाही काढला. माझी लेक तेव्हा लहान होती, ती रडली. म्हणे, आई, नाकतोड्याले सोडव. गिरजा म्हणे, "मी नाई टोचला, बाई. ज्यानं टोचला त्यालेच सांग." अन् मग लेकीले घेऊन खरंच त्या बाभळीखाली गेली. परत आली तेव्हा लेक हसत होती. तिथं काय झालं ते मले दोघींनीही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी घर पोतारताना ती सगळी भिंत पुसून टाके. स्वतःच्या हातानं. मले वाईट वाटे. तिले नाही. "ते गेले आपापल्या वाटेनं," म्हणे. "भिंतीवर कायले डांबून ठेवाचे?"

मग ते दिवस आले. साता समुद्रापार कुठं गोऱ्यागोऱ्यायची लढाई जुंपली म्हणे, अन् तिकडचा कापूस बंद झाला, अन् आमच्या पऱ्हाटीले असा भाव आला का माणसं येडी झाली. ज्यानं जन्मात जोडा घातला नाही तो बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घालू लागला. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग मोडत नव्हती. बाभळीच्या काट्यांवर कापूस अडकून अडकून सगळी वाट पांढरी दिसे. मीही त्यात होतो. मी काही संत नाही.

अमरावतीले आमचा एक अडत्या होता. गाडी सोडून त्याच्या ओट्यावर बसलो असताना मीच बढाई मारली, माझी बायको पाखरं काढते म्हणून. त्याच्या बायकोनं ऐकलं. नवं घर बांधलं होतं त्यांनी. निरोप आला, तिले घेऊन या, दारावर राघूची जोडी काढाची हाय.

नवरात्रात घेऊन गेलो. गिरजा त्या घराच्या पायरीवर बसली ती बसलीच. वर पाहे, इकडं पाहे, तिकडं पाहे. दुपार झाली. अडत्याची बायको बाहेर आली.

"अवं बाई, काढत काहून नाईस?"

"राघू येऊ द्या."

"राघू काय जेवाले येणार हाय का? तुले माहीत नाई का राघू कसा असते?"

"आमच्याकडचा माहीत हाय. तुमच्या घरचा नाई पाह्यला अजून."

मी डोक्याले हात लावला. कापसाच्या पेठेतून बाहेर आलो तर दिवस बुडाले आला होता, अन् दारावर चित्र तयार होतं. घार. पंख पसरलेली, चांगली हातभर. आभाळात दिवसभर दुसरं कोणी आलंच नाही म्हणे.

"घार! माझ्या लक्ष्मीच्या दारावर घार!" त्या बाईनं असा आरडा केला का शेजारपाजार जमा झाला. गड्यानं घागर आणून ओतली. आम्हाले पाणीही न विचारता वाटेले लावलं.

येताना मी तिच्याशी बोललो नाही. बडनेऱ्याच्या पुढं आल्यावर गाडीत मागून तिचाच आवाज आला. "तिच्या चोचीत कापूस होता. खोप्यासाठी नेऊन राहिली होती. कोणी पाह्यलाच नाई. चांगला जमला होता." मग एकटीच हसली. मलेही हसू आलं, पण मी मान मागं फिरवली नाही. आता वाटते, फिरवाले पाहिजे होती.

आमच्या ओसरीच्या भिंतीच्या माथ्यावर, आढ्याखाली, ती एक लांब पट्टा मोकळा ठेवी. तो करकोच्यांचा. दिवाळीच्या तोंडाले ते उत्तरेकडून येत. आधी आवाज येई, लांबून, कुणीतरी कुरकुर करत आभाळातून गाडी हाकावी तसा. मग रांग दिसे. आमच्या नदीकडच्या तुकड्यात ज्वारी असे. ते घिरट्या घालून तिथं उतरत. राखडी अंग, मान काळी, कानाशी पांढरी पिसं, अन् चालणं असं का जसे काही गावचे पाटील. गिरजा ज्वारीत पोटावर पडून त्यांचे पाय पाहे. वर्षातलं शेवटचं चित्र तेच. ते झालं का भिंत पुसाची.

भाव चढला त्या वर्षी मी मिरची उपटली. दुसऱ्या वर्षी ज्वारीच्या तुकड्यावर वखर घातला.

"तेवढा राहू द्या," ती म्हणाली.

"सगळं गाव पऱ्हाटी पेरून राहिलं अन् मी ज्वारी ठेवू? कोणासाठी?"

"आपल्यासाठी. अन् करकोच्यायसाठी."

"त्यायचे काय उपकार हायेत आपल्यावर?"

"उपकार नाई. पण ते खाली उतरले नाई तर मले त्यायचे पाय कसे दिसतीन?"

मी वखर हाकला. ती बांधावर उभी होती. रडली नाही, भांडली नाही. वखर पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला तोवर उभी राहिली अन् घरी गेली.

त्या दिवाळीले करकोचे आले, पण वरच्यावर गेले. खाली जिकडंतिकडं पांढरा कापूस. त्यायनं काय खावं? तिनं मान वर करून पाह्यलं, आवाज बंद होईपर्यंत. मी म्हटलं, पाह्यले ना? काढ आता. तर म्हणे, "पाय मागं ताणलेले होते. उभे कसे राहतात ते यंदा नाई पाह्यलं." पट्टा तसाच कोरा राहिला अन् कोराच पोतारला गेला.

पुढच्या वर्षी तिचे डोळे गेले.

मग मले तिच्यासाठी पाहावं लागे. पहिल्यांदा मले काही दिसतच नव्हतं. पाखरू म्हणजे पाखरू. तिचे प्रश्न सुरू झाले का मी वैतागे. पाय कोणत्या रंगाचे? किती बोटं पुढं? मागं बोट हाय का नाई? बसलं कुठं? चालते का उड्या मारते? मी म्हणे, तुले काय त्याची सोयरीक कराची हाय? तर म्हणे, "सोयरीक करताना तुमच्या बापानं माह्याबद्दल इतके प्रश्न नव्हते विचारले. म्हणून तर मी भेटले."

चित्र ती बोटांनी चाचपून काढे. जुनी रेघ कुठं संपली ते डाव्या हाताच्या नखानं धरून ठेवी अन् उजव्या हातानं नवी ओढी.

अन् मी तिच्याशी खोटं बोललो.

गाडी भरून अमरावतीले निघालो होतो. बैल जुंपत होतो. तिनं विचारलं, बाभळीवर नवीन कोणीतरी बोललं, कोण हाय? मी मान वर केली नाही. तोंडाले येईल ते सांगितलं. पाय पिवळे अन् लांब. पाठ हिरवी. मागचं बोट? नाही. बसलं कुठं? बाभळीच्या शेंड्यावर. ती खूश झाली. असं पाखरू तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मी गाडीवर बसलो अन् विसरूनही गेलो.

परत आलो तर चित्र भिंतीवर. सगळ्या भिंतीत देखणं तेच. काशीबाईलेही आवडलं. त्याच दिवशी लखू फासेपारधी बटेरं विकाले आला. म्हातारा माणूस, फासे टाकण्यात केस पिकले त्याचे. त्यानं भिंत पाह्यली, पुन्हा जवळ जाऊन पाह्यली.

"माय, हे कुठं भेटलं?"

"ह्यायनं पाह्यलं. बाभळीच्या शेंड्यावर."

लखू हसाले लागला. "मागचं बोट नाई याले. फांदी धरन कशी? अशे पाय माया फासात येतेत, माळढोकाचे येतेत, पण ते जन्मभर भुईवर. झाडावर बसले तर धपकन पडतीन."

काशीबाई हसली, लखू हसला. गिरजा माझ्याकडं तोंड करून उभी होती. तिले माझं तोंड दिसत नव्हतं, ते एक बरं होतं. तिनं लखूले भाकर दिली, पाणी दिलं, अन् चुलीपाशी गेली.

मी म्हणालो, "पुसून टाकू का ते?"

"राहू द्या."

त्यानंतर तिनं मले एकाही पाखराचं विचारलं नाही. स्वयंपाक केला, बोलली, हसलीसुद्धा. पण बाहेर काही ओरडलं का ती मान तिकडं वळवे अन् गप्प बसे. भिंत वाढाची थांबली. मले वाटलं होतं, बाई आहे, दोन दिवस रुसेल. ते रुसणं नव्हतं. तिनं माझ्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता, अन् तिच्यापाशी दुसरे डोळे नव्हते. एवढ्याशा गोष्टीनं मी तिले पुरती आंधळी केली हे मले तेव्हा समजलं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मी नदीकडं गेलो. गवतात एक मातकट पाखरू होतं. मी इतकं निरखून कधी काही पाह्यलं नव्हतं, बैल विकत घेतानाही नाही. डोळ्याले पाणी येईपर्यंत पाह्यलं. घरी येऊन तिच्यासमोर बसलो.

"पाखरू होतं. छातीवर टिपके. पाय गवतात होते. दिसले नाई."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "दिसले नाई?"

"नाई. उडून गेलं."

"मंग शेपटी सांगा."

सगळ्या भिंतीवर बिनपायाचं तेवढं एकच पाखरू झालं. त्याखाली तिनं गवत काढलं. अन् दिवाळीच्या आधी पोतारताना बाकी सगळं तिनं पुसलं, ते पिवळ्या पायांचं खोटं पाखरू मात्र ठेवलं. ओलं फडकं माझ्या हातात दिलं. "हे तुमचं हाय. तुमी पुसा."

मी पुसलं. हिरवा रंग लवकर जात नव्हता.

पुढच्या मृगात मी नदीकडच्या तुकड्यात ज्वारी पेरली. गावात हसले. भाव असताना ज्वारी पेरणारा मी एकटा. गिरजाले सांगितलं नाही. पण पीक कमरेएवढं झाल्यावर वारा सुटला अन् तिनं आवाज ओळखला. "ही पऱ्हाटी नाई वाजत," म्हणाली. माझ्या हातावर हात ठेवला. बस, तेवढंच.

त्या वर्षी नवरात्रापासून आम्ही रोज संध्याकाळी ज्वारीच्या बांधावर बसू. ती कान लावून, मी मान वर करून. ती विचारे, आले का? मी म्हणे, नाई. तिची तब्येत उतरत चालली होती. जिना चढल्यासारखी धाप लागे सपाट वाटेवर. माझ्या मनात येई, एकदा म्हणावं आले म्हणून. उतरले, ज्वारीत चालून राहिले, पाय असे अन् असे. ती घरी जाऊन काढेल. तिले कुठं दिसते? पण मी नाईच म्हणत गेलो. भिंतीवर यंदा बावीस पाखरं झाली होती, सगळी माझ्या डोळ्यांनी पाह्यलेली, अन् वर पट्टा कोरा.

ती भिंत आता नाही. तेरवीच्या आधी घर शुद्ध कराचं म्हणून लेकीनं पोतारली. तिनं विचारलं होतं, बाबा, ही ठेवू का? मी म्हणालो, पुस. तिच्या आईनं दरवर्षी पुसली, आता मी काहून डांबून ठेवू? लेक रडत रडत पोतारत होती, मी पाणी आणून देत होतो. ज्वारी पुढं पिकली. मी गोफण घेतली नाही, राखण केली नाही. चिमण्यांनी खाल्ली, भोरड्यांनी खाल्ली. करकोचे उतरले नाहीत.

वांगी तोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी उठलो. रोज ती उठे. मी हाक मारली, मग हात लावला. ती झोपेतच गेली होती. कधी, ते मले कळलं नाही; मी बाजूलेच होतो.

काशीबाईले हाक माराची होती. पण हाक मारली का घर भरून जाणार, रडारड होणार, बाया तिले घेरणार, अन् मले कोणी तिच्याजवळ बसू देणार नाही. म्हणून मी आधी अंगणात गेलो. उजाडलं होतं. मी चौफेर पाह्यलं, सावकाश, एकही फांदी न सोडता. मग आत येऊन तिच्या उशाशी बसलो अन् तिले सांगितलं.

लिंबावर दोन होले हायेत. पाय तांबडे. एक मान फुगवून दुसऱ्याच्या मागं फिरून राहिला, दुसरा त्याले विचारत नाही. अंगणात परीट पाखरू आलं, काल नव्हतं. पाय काळे, काडीवानी. चालते, उड्या मारत नाई. शेपटी सारखी वरखाली. कपाळ पांढरं. नदीकडून चार बगळे गेले, त्यायचे पाय सांगता येत नाई, उडत होते.

मग थांबलो. 'आले' हा शब्द तोंडात तयार होता. आता माझं खोटं धराले कोण येणार होतं?

"करकोचे अजून नाई आले, गिरजे," मी म्हणालो.

मग उठलो, दार पूर्ण उघडलं, अन् काशीबाईले हाक मारली.